जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक : निगा आणि जुळवणी

घरात जुनी गाडी असली की तिच्याविषयी बोलायला विषय पुष्कळ असतात. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाली का, लिटरमागे किती किलोमीटर देते, मागच्या दाराला गंज चढतो आहे का, सीटची कव्हरे बदलायची का? ब्रेकचा विषय मात्र निघतो तो बहुधा एखादा प्रसंग थोडक्यात निभावल्यावरच. तोपर्यंत ‘ब्रेक थोडा खाली जातो, पण लागतो’ या वाक्यावर महिनोन्‌महिने काम भागवले जाते. हा ‘थोडा खाली’ दर आठवड्याला आणखी थोडा खाली जात असतो, आणि पायाला त्याची सवय होत जाते. धोका नेमका इथेच आहे.

आजच्या बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. फियाट, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर, जुन्या जीप अशा गाड्या मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या जमान्यातल्या. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. त्यांतली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्तरपाड्याच्या कारखान्यातले उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. तरीही कुणी वडिलांची आठवण म्हणून, कुणी हौस म्हणून, तर कुणी अजून सोय म्हणून या गाड्या राखून आहेत. मुंबई-पुण्याप्रमाणेच इंदूर, बडोदा, कोलकाता, हैदराबाद इथल्या घरांतही त्या दिसतात. त्या गाड्या ओळखणारे मिस्त्री मात्र कमी होत चालले आहेत. म्हणूनच आपल्या गाडीच्या ब्रेकचे तंत्र मालकाला स्वतःला ठाऊक असणे आता अधिक गरजेचे झाले आहे.

ड्रमच्या आत काय असते?

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे एक पसरट पातेले. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लोखंडी ‘शू’ असतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला घर्षणाचे अस्तर लावलेले असते; गॅरेजच्या भाषेत ते ‘लायनर’. शू फिरत नाहीत. ते मागच्या स्थिर पत्र्यावर, म्हणजे बॅक प्लेटवर बसवलेले असतात. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलेंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकाजवळच्या लहान सिलेंडरमध्ये ढकलले जाते. त्यातले पिस्टन शू बाहेर रेटतात, लायनर ड्रमच्या आतल्या अंगाला घासते आणि चाक थांबते. पाय उचलला की स्प्रिंगा शू पुन्हा आत ओढून घेतात.

या रचनेचा एक गुण असा, की चाकाच्या फिरण्याच्या दिशेने रेटला जाणारा शू ड्रमबरोबर ओढला जाऊन आपसूक आणखी घट्ट बसतो. त्यामुळे कमी जोरातही ब्रेक चांगला लागतो. लुई रेनो यांनी १९०२ साली मोटारीसाठी ड्रम ब्रेक रूढ केला. नंतर द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले, आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना बसवले गेले. पुढे कित्येक दशके जगभरच्या मोटारी याच तंत्रावर थांबत राहिल्या.

दोषही आहेत. ड्रम बंद डब्यासारखा असल्याने आतली उष्णता आणि आत शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. शिवाय ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. त्यामुळे घाटात पेडल आणखी खाली जाते.

लायनर झिजले की शू आणि ड्रम यांतली फट वाढते. ती भरून काढायला अधिक तेल ढकलावे लागते, म्हणून पेडल अधिक खाली जाते. पुढच्या काळातल्या अनेक गाड्यांत ही फट आपोआप भरून काढणारी यंत्रणा आली. जुन्या गाडीत ते काम माणसाने करायचे असते, आणि त्यालाच ब्रेकची जुळवणी किंवा ‘ब्रेक टाइट करणे’ म्हणतात.

पेडल काय सांगते?

डॉक्टर जशी नाडी पाहतात तसे पेडल पाहावे. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून पेडल दाबून पाहिले तरी बरेच काही कळते.

पहिल्या दाबाला पेडल खूप खाली जाते, पण लागोपाठ दोन-तीन वेळा दाबले की वर येऊन घट्ट होते : शू आणि ड्रममधली फट वाढली आहे. बहुधा जुळवणीने काम होते.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते : नळ्यांत हवा शिरली आहे. हवा काढावी लागेल, आणि ती शिरली कुठून हेही शोधावे लागेल.

पेडल दाबून धरले तर अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली सरकते : कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरमधले रबर गेले आहे. ही गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर काढू नये.

पेडल घट्ट आहे, तरी गाडी लवकर थांबत नाही : लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले आहे किंवा त्यावर ग्रीस अथवा तेल पडले आहे.

ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते : दोन बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत.

पेडल पायाखाली उसळते : ड्रमची गोलाई बिघडली आहे.

खरखर किंवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज : लायनर संपून रिव्हेट ड्रमला लागत असावेत. असा आवाज काढत चालवलेला प्रत्येक किलोमीटर ड्रम खातो.

एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापते : तिथला ब्रेक सुटत नाही, तो पकडून ठेवतो आहे.

या यादीत जुळवणीने बरा होणारा दोष एकच, पहिला. बाकीचे दोष ब्रेक टाइट करून झाकले जातात, जात नाहीत. गळणारा सिलेंडर तसाच ठेवून शू टाइट करणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

जुळवणी : तयारी

जुळवणी नेहमी ब्रेक थंड असताना करावी. गरम ड्रम पसरलेला असतो. त्या मापाने टाइट केलेला ब्रेक ड्रम गार झाल्यावर पकडून बसतो.

जागा सपाट आणि टणक हवी. मागचे चाक उचलायचे असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. पुढचे उचलायचे असेल तर मागच्या चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक ओढावा. मागचे चाक हाताने फिरवून पाहायचे असल्याने त्या वेळी हँडब्रेक सोडलेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये असावी लागते, म्हणून ठोकळ्यांना पर्याय नाही. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो, ती तोलून धरण्यासाठी नव्हे. उचलल्यावर लोखंडी घोडी लावावी. विटा किंवा दगडांची चळत कधीही लावू नये. वीट सूचना न देता फुटते. गाडीखाली काम चालू असताना मुलांना आसपास खेळू देऊ नये.

लागणारे सामान फार नाही : योग्य मापाचा पाना, चपटा स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी, तारेचा ब्रश आणि गंज सैल करणारे तेल. जुळवणीचे बोल्ट बॅक प्लेटवर, चिखल-पाण्याच्या माऱ्यात असतात, त्यामुळे ते गंजून जाम होतात. आदल्या रात्री ते घासून त्यांवर बेताने तेल सोडावे. ते लायनरपर्यंत पोचता कामा नये. जाम बोल्टवर जोर केला तर त्याची कड गोल होते, मग पुढचे काम दुप्पट वाढते.

जुळवणी : कृती

जुन्या गाड्यांत मुख्यतः दोन पद्धती आढळतात. फियाट घराण्यातल्या गाड्यांत बॅक प्लेटच्या मागे नट असतात. ते फिरवले की आतली लंबगोल चकती फिरते आणि शूला बाहेर सारते. मॉरिस घराण्यात चाकाची टोपी काढून ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालावा लागतो आणि आतला खाचेचा स्क्रू फिरवावा लागतो. तो एकेक ‘टिक’ करत पुढे सरकतो. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे, एका चाकाला किती जुळण्या आहेत आणि त्या कोणत्या दिशेने फिरवायच्या, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. पद्धत कोणतीही असली तरी क्रम एकच.

१. चाक उचलून हाताने फिरवावे. मोकळे फिरते का, कुठे घासते का, ते ऐकावे.

२. पहिल्या शूची जुळणी हळूहळू फिरवत जावी आणि दर थोड्या वेळाने चाक फिरवून पाहावे. शू ड्रमला टेकून चाक अडले की थांबावे.

३. कुणाला तरी पेडल दोन-तीन वेळा जोराने दाबायला सांगावे. त्यामुळे शू ड्रमच्या मध्यावर नीट बसतात. चाक पुन्हा सैल वाटले तर जुळणी आणखी थोडी पुढे न्यावी.

४. आता जुळणी उलट दिशेने थोडीशीच सोडावी. खाचेच्या स्क्रूत एक-दोन ‘टिक’ पुरतात. चाक मोकळे फिरले पाहिजे. कान देऊन ऐकल्यावर अगदी हलकी सरसर आली तर चालेल, पण हाताला अडथळा जाणवता कामा नये.

५. त्याच चाकाच्या दुसऱ्या शूची जुळणी वेगळी असेल तर तीही अशीच करावी.

६. चारही चाके याच रीतीने पूर्ण करावीत. एकाच बाजूचे चाक टाइट करून थांबू नये. गाडी एका बाजूला ओढेल.

मागच्या चाकांचा अंदाज घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत चाकाबरोबर डिफरन्शियलचे दातेही फिरतात, त्यामुळे मागचे चाक मुळातच थोडे जड फिरते. ते ब्रेकचे घासणे समजून जुळणी जास्त सोडली तर ब्रेक पुन्हा खाली जातो.

जुळवणी झाल्यावर चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने कसावेत. गाडी हलवण्याआधी पेडल दाबून पाहावे. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगात ब्रेक मारावा, स्टीअरिंग हलक्या हाताने धरून गाडी सरळ थांबते का पाहावे. चार-पाच किलोमीटर चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात धरावा, ड्रमला लावू नये. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ते जास्त टाइट झाले आहे.

हँडब्रेक शेवटी

हँडब्रेक सैल झाला की पहिली केबल ओढून टाइट करण्याची सवय सर्वत्र दिसते. ही चूक आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक मागचेच शू ओढतो. शू झिजले असताना केबल ताणली तर ते अर्धवट बाहेर राहतात आणि पुढची जुळवणी खोटी ठरते. आधी केबल सैल करून पायाच्या ब्रेकची जुळवणी पूर्ण करावी, मग हँडब्रेक पाहावा. तो साधारण चार ते सहा ‘टिक’मध्ये पकडला पाहिजे आणि खाली सोडल्यावर दोन्ही चाके पूर्ण मोकळी झाली पाहिजेत.

ड्रम उघडल्यावर

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ड्रम उघडून आतली पाहणी करावी. स्वतः उघडत असाल तर एका वेळी एकच चाक उघडावे. कुठली स्प्रिंग कुठे होती याचा विसर पडला तर दुसऱ्या बाजूचे चाक नमुना म्हणून शाबूत राहते. ड्रम काढलेला असताना पेडलला पाय लावू नये, नाहीतर सिलेंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि तेल सांडते.

आतल्या काळ्या धुळीची गोष्ट गंभीर आहे. जुन्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्यांचे दुष्परिणाम, अगदी कर्करोगसुद्धा, कित्येक वर्षांनी दिसतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. गल्लीतल्या गॅरेजमधल्या पोऱ्याला मात्र अजूनही ड्रम तोंडाने फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करताना पाहायला मिळते. लायनर नुसते पाहून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही ते सांगता येत नाही. म्हणून धूळ कधीही उडवू नये. पाणी हलके शिंपडून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, चांगला मास्क लावावा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत. आपली गाडी गॅरेजमध्ये असेल तर तिथल्या मुलालाही हे सांगावे. त्याची फुप्फुसे आपल्या मुलांइतकीच कोवळी आहेत.

आता पाहणी. रिव्हेटने बसवलेल्या लायनरमध्ये रिव्हेटची डोकी पृष्ठभागापासून मिलिमीटरभर तरी खोल असावीत. चिकटवलेले लायनर दोन मिलिमीटरच्या आसपास उरले असेल तर बदलण्याची वेळ आली. लायनर एका चाकाचे कधीही बदलू नये. पुढची दोन्ही किंवा मागची दोन्ही चाके बरोबर करावीत.

व्हील सिलेंडरच्या टोकाची रबरी टोपी हळूच उचलून पाहावी. आत ओल दिसली तर सिलेंडर गळू लागला आहे. नुसते रबराचे किट बदलून भागेल की सिलेंडर बदलावा लागेल, हे त्याच्या आतल्या भिंतीवर ठरते. भिंतीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे रबरही थोड्याच दिवसांत फाटते. महिनोन्‌महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत हा दोष हमखास आढळतो. मागच्या चाकात तेल दिसले तर ते ब्रेक ऑइल आहे की अ‍ॅक्सलच्या सीलमधून येणारे गिअर ऑइल, हे पाहावे. उपाय वेगळे आहेत. ड्रमच्या आत खोल चरे असतील तर लेथवर हलका कट मारून घेता येतो, पण प्रत्येक ड्रमला कमाल व्यासाची मर्यादा असते. ती ओलांडलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकू शकतो.

तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलमध्ये धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. तेल लायनरच्या आतपर्यंत मुरलेले असते, आणि पहिल्या घाटात तापल्यावर ते पुन्हा बाहेर येते. असे लायनर टाकूनच द्यावे.

ब्रेक ऑइल : नावात तेल, गुण वेगळे

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते इंजिन ऑइलच्या जातीचे तेल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल वर्गातली द्रव्ये आहेत आणि ती हवेतला ओलावा शोषून घेतात. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. जुने, पाणी प्यालेले द्रव घाटात उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचत नाही, आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे. अर्धवट वापरून महिनोन्‌महिने ठेवलेला डबा वापरू नये. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नये. इंजिन ऑइल, रॉकेल किंवा डिझेल तर थेंबभरही चालत नाही; त्याने सगळी रबरे फुगतात. रंगावर ब्रेक ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग निघून येतो.

हवा काढण्याचे काम दोन माणसांचे आहे. एक पेडलवर, एक चाकाशी. मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यावे. उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचे डावे. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. पेडलवरच्या माणसाने सावकाश दाबून ‘दाबला’ म्हणावे. खालच्याने निप्पल अर्धा फेरा सोडावा, बुडबुडे जाऊ द्यावेत, निप्पल बंद करावा आणि मगच ‘सोडा’ म्हणावे. हा क्रम चुकला तर निघालेली हवा पुन्हा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. टाकीतली पातळी अधूनमधून पाहत राहावी, ती कधीही तळाला जाऊ देऊ नये. जुन्या मास्टर सिलेंडरवर पेडल धाडकन तळापर्यंत आपटू नये. एरवी न वापरलेल्या गंजक्या भागात रबर घासून फाटण्याची भीती असते.

घाट आणि पाऊस

माणसांसह सुमारे १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगातून एकदा पूर्ण थांबवली, तर अर्धा लिटर गार पाणी उकळीला येईल इतकी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. आता हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरते असे धरा. निव्वळ ब्रेकवर उतरवली तर ढोबळ हिशेबाने अशा चाळीसेक थांबण्यांची उष्णता काही किलोमीटरांत त्या चार ड्रमांना झेलावी लागेल. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाला गाडी अडवू द्यावी. ज्या गिअरने घाट चढलो असतो, त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून मग पूर्ण सोडावा. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे चार रुपयांसाठी सर्वस्व पणाला लावणे.

पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले होतात आणि ब्रेक काही काळ लागतच नाहीत. पाण्याबाहेर आल्यावर, मागे-पुढे गर्दी नसेल तेव्हा, कमी वेगात पेडल हलके दाबत काही अंतर जावे. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. शू गंजून ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअर टाकून आणि चाकाला ठोकळा लावून ठेवावी.

ब्रेक फेल झाला तर?

अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांसाठी तेलाचा एकच मार्ग असतो. नंतरच्या गाड्यांसारखे दोन स्वतंत्र मार्ग नसतात. म्हणजे एक नळी फुटली की पायाचा सगळा ब्रेक जातो, उरतो फक्त हँडब्रेक. हँडब्रेक नीट असणे किती महत्त्वाचे, ते यावरून कळावे.

असा प्रसंग आलाच तर पेडल भराभर पंप करावे. कधीकधी थोडा दाब मिळतो. एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. एकदम ओढला तर मागची चाके अडकून गाडी फिरते. हॉर्न वाजवत राहावे. किल्ली फिरवून काढू नये, स्टीअरिंग लॉक होऊ शकते.

शंका-समाधान

नवे लायनर टाकले, तरी ब्रेक पूर्वीपेक्षा कमी का लागतो?

नव्या लायनरची गोलाई जुन्या ड्रमशी लगेच जुळत नाही. ते ठरावीक ठिकाणीच टेकते. पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवावे आणि मग पुन्हा जुळवणी करून घ्यावी. ही दुसरी जुळवणी बहुतेक जण विसरतात.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे जाते. डावा ब्रेक जास्त टाइट आहे का?

तसे असू शकते. पण बऱ्याचदा डावा ठीक असतो आणि उजवाच लागत नसतो : लायनरवर तेल असते किंवा सिलेंडर जाम असतो. डावा सैल करून गाडी सरळ केली तर दोन्ही बाजू दुबळ्या होतात. आधी उजवा ड्रम उघडून पाहावा. टायरमधली हवाही तपासावी.

ब्रेक ऑइल दर महिन्याला थोडे घालावे लागते. चालेल का?

नाही. लायनर झिजल्याने पातळी अगदी सावकाश उतरते. दर महिन्याला घालावे लागत असेल तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजू, नळ्यांचे जोड आणि पेडलच्या वरचा भाग तपासावा.

कोणते काम घरी करावे, कोणते गॅरेजमध्ये?

पाहणी, बाहेरून करायची जुळवणी आणि तेलाची पातळी ही कामे सवय असलेला मालक करू शकतो. सिलेंडर खोलणे, नळ्या बदलणे, ड्रमला कट मारणे ही कामे जाणकार मिस्त्रीकडेच द्यावीत. सुटे भाग घेताना खात्रीच्या दुकानातून, पावती घेऊन घ्यावेत.

हे वेळापत्रक गाडीत चिकटवून ठेवा

दररोज : गाडी हलवण्याआधी एकदा पेडल दाबून पाहणे.

दर आठवड्याला : ब्रेक ऑइलची पातळी, गाडी उभी राहते त्या जागी, चाकाच्या आत डाग आहे का.

दर तीन महिन्यांनी, किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली गेले की लगेच : जुळवणी.

दरवर्षी : चारही ड्रम उघडून पाहणी, रबरी नळ्यांना भेगा किंवा फुगवटा आहे का.

दर दोन वर्षांनी : संपूर्ण ब्रेक ऑइल बदलणे.

लांबच्या प्रवासाला, विशेषतः घाटातून, निघण्याआधी : आठवडाभर आधी तपासणी. आदल्या रात्री केलेल्या कामाची चाचणी घ्यायला वेळ उरत नाही, आणि ती चाचणी घाटात, मागच्या सीटवर मुले बसलेली असताना घ्यायची नसते.